छंद एकाचा, साथ दुसऱ्याची

मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघाले आणि टोकावडे मागे पडले की वैशाखरे येते. नाणेघाट चढणारे याच गावाच्या आसऱ्याने वाटेला लागतात. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच घाटाने जुन्नरकडे जात असे. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहनांचा प्रसिद्ध शिलालेख आहे. तिथल्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमाही होत्या. त्या आता उरलेल्या नाहीत. दिसतात त्या पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे. त्यात एके ठिकाणी नवरा-बायकोची नावे एकाच ओळीत आहेत. आधी राणी नायनिकेचे, जिला आपण नागनिका म्हणतो. आणि नंतर राजा सातकर्णीचे. मोठ्या लेखात राणीचे वर्णन महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखे जगणारी असे आले आहे.

रमजानच्या दिवसांत हे वर्णन वाचणारा कुणीही क्षणभर थबकेल. काळ वेगळा, धर्म वेगळा, उपवासाची रीत वेगळी. पण घरात राहून, संसार सांभाळून केलेली साधना ही गोष्ट या मातीला नवी नाही, हे त्या दगडावर लिहिलेले आहे. आणि नवऱ्याच्या नावाआधी बायकोचे नाव कोरायला कुणाला संकोच वाटला नाही, हेही.

दोन नावे एका ओळीत बसवणे त्यामानाने सोपे. दोघांच्या आवडी एका घरात नांदवणे अवघड. त्यातही आवड जर आवाज करणारी असेल, तर फारच अवघड.

गिटारचेच उदाहरण घ्या. कॉलेजात असताना हौसेने घेतलेली गिटार लग्नानंतर बहुधा कपाटावर जाते. आसनगावची लोकल, मुरबाड एमआयडीसीतली शिफ्ट, मुलांच्या शाळा, आईवडिलांची दुखणी यांत ती तिथेच धूळ खाते. चाळिशीच्या आसपास कुणीतरी ती पुन्हा खाली काढतो आणि घरात नवा अध्याय सुरू होतो. पोलादी तारा दाबून बोटांची टोके पहिले काही आठवडे हुळहुळतात, मग तिथे घट्टे पडतात. पहिले बोट आडवे ठेवून साऱ्या तारा एकदम दाबायची ‘एफ’ कॉर्ड कित्येकांना महिनोन्महिने स्वच्छ वाजत नाही. वाजवणाऱ्याला निदान आपण कालच्यापेक्षा थोडे पुढे सरकलो हे कळते. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला मात्र रोज त्याच चार कॉर्ड, त्याच जागी तीच अडखळण ऐकावी लागते.

म्हणून या छंदाचा खर्च दुकानातल्या किमतीत मोजून भागत नाही. एकजण अर्धा तास वाजवतो तेव्हा तो अर्धा तास घरातल्या दुसऱ्या कुणीतरी दिलेला असतो. त्या वेळात गॅसवरच्या दुधाकडे कुणीतरी लक्ष ठेवते, मुलाचे गणित तपासते, दारावर आलेल्याशी बोलते. वाजवणाऱ्याला हे दिसतेच असे नाही. देणाराही ते बोलून दाखवतोच असे नाही. न बोललेल्या या हिशेबावरच छंद टिकतो, किंवा एक दिवस बंद पडतो.

रमजानमध्ये अनेक मुस्लिम घरांत गिटार कव्हरमध्ये जाते. वाद्यांबाबत उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. काहीजण ती सरसकट वर्ज्य मानतात, काही मानत नाहीत. त्या वादात शिरण्याचे हे ठिकाण नाही. इतिहास पाहिला तर तंतुवाद्यांशी मुस्लिम जगाचे नाते जुने आहे. नवव्या शतकात बगदादच्या परंपरेतून स्पेनमधल्या कोर्डोबाला गेलेल्या झिरयाब या गवयाने ‘ऊद’ला पाचवी तार जोडली असे सांगतात, आणि ऊद हे गिटारच्या गोतावळ्यातलेच वाद्य. पण जे एरवी वाजवतात, त्यांतलेही बरेचजण हा महिना नमाज, कुरआन आणि तरावीहसाठी मोकळा ठेवतात. छंद थांबतो, घरातला वेळेचा हिशेब मात्र या महिन्यात अधिक ठळक दिसू लागतो. सहरीसाठी पहिला गजर कुणाच्या उशाशी वाजतो? इफ्तारच्या आधीच्या तासाभरात कोण तसबीह घेऊन बसलेले असते आणि कोण तेलाच्या कढईसमोर उभे असते? रोजा तर दोघांचाही असतो.

या प्रश्नाजवळ आले की हदीसच्या ग्रंथांतला एक प्रसंग आठवतो. बुखारींच्या संग्रहात तो आहे. ईदचा दिवस होता. मदिनेच्या मशिदीत काही हबशी लोक ढाली आणि भाले घेऊन आपला खेळ करत होते. हजरत आयेशांना (र.) तो पाहायचा होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना आपल्या मागे उभे केले आणि दोघे खेळ पाहत राहिले. प्रेषितांनी त्यांना आवरते घ्यायला सांगितले नाही, घाई केली नाही. आयेशा स्वतःच थकल्या, तेव्हा पुरे झाले का, असे विचारले आणि त्या हो म्हणाल्यावरच त्यांना जायला सांगितले. त्याच दिवशी घरात दोन मुली गाणी म्हणत होत्या. हजरत अबू बकर (र.) रागावले, तर प्रेषितांनी त्यांनाच थांबवले; आज ईद आहे, त्यांना गाऊ द्या, असा त्याचा आशय. प्रेषित घरी असताना काय करत, असे पुढे कुणी आयेशांना विचारले. घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असे त्यांनी सांगितले.

या प्रसंगातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट परवानगीची नाही. परवानगी एका शब्दात देता येते. इथे एक माणूस दुसऱ्याच्या आनंदासाठी उभा आहे, आणि किती वेळ उभे राहायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्याने समोरच्याला दिला आहे. आपल्या घरांत बहुधा उलटे होते. ‘वाजव की, मी कुठे नाही म्हटले?’ असे म्हणून पाच मिनिटांनी घड्याळाकडे पाहिले जाते.

जिथे ही परवानगीसुद्धा नसते तिथे काय होते, याचे उदाहरण उर्दूच्या रसिकांना ठाऊक आहे. अख्तरीबाई फैजाबादी या नावाने गाजलेल्या गायिकेचा १९४५ साली लखनऊचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी निकाह झाला. अब्बासी घरंदाज, सुशिक्षित, शायरीचे जाणकार. पण त्या काळच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेत घरच्या बेगमने मैफलीत गाणे बसत नव्हते. गाणे थांबले. काही वर्षे गेली, प्रकृती खालावली, मन खचले. गाणे हाच यावरचा इलाज आहे, असे डॉक्टरांनी सुचवल्याचे सांगतात. शेवटी १९४९ साली त्या लखनऊ आकाशवाणीच्या मायक्रोफोनसमोर पुन्हा बसल्या. पुढची पंचवीस वर्षे देशाने ज्या बेगम अख्तर ऐकल्या, त्यांचे ते नाव लग्नातून आलेले होते आणि आवाज माहेरहून आणलेला. १९७४ च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले, तेही अहमदाबादेत, मैफलीसाठी गेल्या असताना.

अब्बासींना खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. ते खलनायक नव्हते. आधी नको म्हणणारा आणि नंतर आपले म्हणणे मागे घेणारा नवरा होता तो. मागे घेणे हेही सोपे नसते, विशेषतः चार लोकांत आपला शब्द गेलेला असताना. पण मधल्या वर्षांचे गाणे कुणालाच परत मिळाले नाही, हेही खरे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला गिटारच्याच जगातले एक जोडपे आहे. हवाईयन गिटार वाजवणारे ताऊ मो आणि त्यांच्या गायिका पत्नी रोझ यांनी १९२८ साली हवाई बेटे सोडली आणि पुढची कित्येक दशके देशोदेशी एकत्र कार्यक्रम केले. १९४० च्या दशकात ते कोलकात्यात राहिले, आणि आपल्याकडे आडव्या गिटारची गोडी पसरवण्यात त्यांचा वाटा मोठा. तो वाजवणार, ती गाणार. संसार आणि संगीत एकच. असे नशीब थोड्यांचे. बहुतेक घरांत एकाला सूर कळतो आणि दुसऱ्याला घरखर्च.

अशा घरांना जवळचे वाटेल असे जोडपे महाराष्ट्राने पाहिले आहे. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत त्यांचे नोंदणी पद्धतीने लग्न झाले. पुलंची ओळख लेखक म्हणून, नट म्हणून. पण पेटी हा त्यांचा लहानपणापासूनचा जिव्हाळा. पार्ल्यात शिकलेली ही पेटी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. गंमत अशी की १९५० च्या दशकात ते ज्या आकाशवाणीत नोकरी करत होते, तिथे पेटीला बंदी होती. १९४० मध्ये लागू झालेली ही बंदी १९७१ मध्ये सैल झाली. पोट भरणाऱ्या जागी ज्या वाद्याला प्रवेश नाही, त्याला घरात मात्र मानाची जागा होती. घरातली जागा म्हणजे मैफल, मैफल म्हणजे माणसे, आणि माणसे म्हणजे चहापासून अंथरुणापर्यंत सगळे.

नाटकांची, दौऱ्यांची, पैशांची, पुस्तकांच्या हक्कांची शिस्त सुनीताबाईंनी सांभाळली. गरज पडली तेव्हा त्या रंगमंचावरही उभ्या राहिल्या. आणि १९९० साली ‘आहे मनोहर तरी’ या पुस्तकात त्यांनी हा सगळा हिशेब लोकांसमोर मांडला. त्यात पुलंवरचे प्रेम आहे, त्यांच्या प्रतिभेचा आदर आहे, आणि त्या प्रतिभेला मोकळे ठेवण्यासाठी घरातल्या दुसऱ्या माणसाला काय काय बाजूला ठेवावे लागले, तेही आहे. अनेक वाचकांना हे पुस्तक फार आवडले. काहीजण दुखावले, घरातले बाहेर कशाला, असे त्यांचे म्हणणे. पण त्या पुस्तकामुळे मराठी वाचकाला एक गोष्ट पहिल्यांदा इतकी स्पष्ट दिसली. हसऱ्या, गुणी, हौशी नवऱ्याच्या मागे कुणीतरी जागे असते, आणि त्या जागणाऱ्यालाही स्वतःचे काही हवे असते.

सुनीताबाईंना हवी होती ती कविता. त्यांना कविता मुखोद्गत असत. पुढे बा. भ. बोरकर आणि बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितांचे जाहीर वाचन दोघांनी मिळून केले. हजारोंची सभागृहे एकट्याने हसवणारा माणूस त्या कार्यक्रमांत बायकोच्या शेजारी बसून, आपली पाळी येईपर्यंत तिची कविता ऐकत असे. गाणाऱ्यामागे पेटी धरण्याला मराठीत ‘साथ’ म्हणतात. नवरा-बायकोच्या सोबतीलाही तोच शब्द आहे. चांगला साथीदार गायकाच्या पुढे पळत नाही आणि त्याला मागे खेचतही नाही, हे पेटी वाजवणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. घरात मात्र ते शिकायला वर्षे लागतात.

इथे एक प्रश्न आपल्या गावांनी, आपल्या घरांनी स्वतःला विचारायला हवा. गिटार नवऱ्याची असली की बायकोच्या समजूतदारपणाचे कौतुक होते. तीच गिटार बायकोची असली तर? संध्याकाळी सात वाजता, कुकरची शिट्टी व्हायच्या वेळी ती तारा जुळवत बसली तर? ‘हिला काय सुचतेय या वयात’ हे वाक्य शहापूरच्या चाळीत, मुरबाडच्या वाड्यात, हिंदू घरात आणि मुस्लिम घरात अगदी एकाच सुरात ऐकू येईल. तिची शिलाई चालते, कारण त्यात चार पैसे सुटतात. तिचे लोणचे चालते, कारण ते सगळे खातात. जे फक्त तिच्या आनंदासाठी आहे, ते चालवून घेण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. साथ म्हणायची तर ती दोन्ही बाजूंनी हवी. नाहीतर तिला चाकरी म्हणावे.

यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. आठवड्यातले काही अर्धे तास आधी ठरवून घ्यावेत, आणि तितकेच अर्धे तास दुसऱ्याच्या नावे लिहून ठेवावेत, मग तो ते झोपण्यात घालवो की भरतकामात. वाजवणाऱ्याने वाजवायला बसण्याआधी घरातले एक काम हातावेगळे करावे. ऐकणाऱ्याने खोटी वाहवा करू नये, पण ‘अजून तेच चाललेय का’ असेही म्हणू नये. आणि महिन्यातून एकदा, आपल्याला आवडणारे गाणे न वाजवता समोरच्याला आवडणारे बसवून वाजवावे. ते चुकत वाजले तरी चालते.

ईदचा चंद्र दिसेल. शीरखुर्म्याची पातेली रिकामी होतील, पाहुण्यांची वर्दळ ओसरेल आणि कुठल्यातरी घरात एका दुपारी गिटारचे कव्हर उघडले जाईल. महिनाभर हात न लागलेल्या तारा उतरलेल्या असतील, घामाने एखादी गंजलेलीही असेल. त्या जुळवायला बसण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला एवढेच विचारावे, की महिनाभर सहरीला सर्वांत आधी तू उठलीस, आता तुला काय करावेसे वाटतेय? आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभे राहावे. वैशाखऱ्याच्या वरच्या त्या लेण्यात राजा-राणीच्या प्रतिमा कधीच झिजून गेल्या, पण एका ओळीतली ती दोन नावे अजून वाचता येतात.