वाचा-उपचाराचे शिक्षण : मशागत अकरावीपासूनच करा



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय निघतो, पोराला-पोरीला पुढे कुठे घालायचे? डॉक्टर, इंजिनिअर, नर्स, मास्तर ही नावे आपल्या तोंडी बसलेली आहेत. आज वेगळ्या व्यवसायाची माहिती देतो. तो आहे वाचा-उपचारतज्ज्ञाचा. शहरात त्याला स्पीच थेरपिस्ट म्हणतात.

याची गरज खेड्यात नाही, असे समजू नका. तुमच्याच आळीत एखादे मूल अडखळत बोलत असेल. एखादे तीन वर्षांचे झाले तरी बोलत नसेल आणि घरचे म्हणत असतील, "याचा बापही उशिराच बोलला." अर्धांगाच्या झटक्यानंतर एखाद्या आजोबांची वाचा गेली असेल. अशांना हाताशी धरणारा जाणकार माणूस जवळपास मिळणे कठीण असते.

माझ्या कामाच्या भागातल्या एका मुलीचा धाकटा भाऊ तोतरा आहे. त्याच्यासाठी म्हणून तिने हे शिक्षण घ्यायचे ठरवले. पण कधी? मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाल्यावर! एम.एस्सी.च्या चौकशीला गेली तेव्हा कळले की त्या पदवीवर प्रवेश नाही. मुलगी हुशार होती, पण पहिली पायरीच वेगळ्या जिन्याची निघाली. तुमच्या घरी असे होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आपल्या देशात वाचा-उपचाराच्या एम.एस्सी.ला जायचे तर आधी त्याच विषयाची पदवी लागते. तिचे नाव बी.ए.एस.एल.पी., म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचाराची पदवी. ती चार वर्षांची असून शेवटचे वर्ष रुग्णांबरोबर प्रत्यक्ष कामाचे असते. या पदवीसाठी बारावी विज्ञान शाखेतून व्हावे लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जोडीला जीवशास्त्र घेतलेले बरे. म्हणजे खरा निर्णय अकरावीचा अर्ज भरतानाच होतो.

अमेरिकेत रीत थोडी निराळी आहे. तिथे दुसऱ्या विषयाचा पदवीधरही राहिलेले पायाभूत विषय पुरे करून पुढच्या शिक्षणाला जाऊ शकतो. पण जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्रासारखा एखादा विषय तिथेही सुटत नाही.

एवढे विषय कशाला, असे तुम्ही विचाराल. आवाज गळ्यातून निघतो, तेव्हा शरीररचना हवी. आवाज ही लहर आहे आणि कानाचे यंत्र त्या हिशोबावर चालते, तेव्हा भौतिकशास्त्र हवे. एकाच वाफ्यावरून आपण वाणाची पारख करीत नाही. तसेच एका रुग्णावरून उपचाराची पारख होत नाही, म्हणून संख्याशास्त्र हवे. आणि भाषाशास्त्र तर हवेच. वऱ्हाडात डोळ्याला 'डोया' म्हणतात. तो बोलीचा रंग आहे, दोष नव्हे. पण एखादे मूल 'कमळ'ला 'तमळ' म्हणत असेल आणि वय वाढूनही ते सुटत नसेल, तर तपासले पाहिजे. हा फरक ओळखायला बोली कानावरून गेलेली असावी लागते. इथे आपली खेड्यातली मुले शहरी मुलांच्या पुढेच आहेत.

खर्चाचाही विचार करू. पदवी झाल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करून काम सुरू करता येते. ही परिषद 1992 च्या कायद्याने चालते. एम.एस्सी. पुढची दोन वर्षे. ती लगेच केलीच पाहिजे असे नाही. चार वर्षांनी घरात कमाई येऊ शकते, हे कुटुंबाने ध्यानात घ्यावे.

शिक्षणाची सोय मुंबईत आहे. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था 1983 साली सुरू झाली. नायर रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातही हा अभ्यासक्रम आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था 1965 सालची. तिचे नाव देशभर आहे.

आता तीन कामे करा. मुलाला किंवा मुलीला हे काम आवडेल का, ते त्यांनाच विचारा. यात चिकाटी लागते, एकेक शब्दासाठी महिने जातात. आवड दिसली तर अकरावीला विज्ञान घ्या. आणि प्रवेश परीक्षा, गुणांची अट, फी, वसतिगृह यांची चौकशी संस्थेकडेच करा, कारण नियम बदलत असतात. ऐकीव माहितीवर पैसे भरू नका.

घरात मूल बोलत नसेल तर मात्र कोणाच्या पदवीची वाट पाहू नका. आधी जिल्हा रुग्णालयात त्याचे कान तपासून घ्या. ऐकू आले नाही, तर ते बोलणार कसे? पेरणीची वेळ गेली की हंगाम हातचा जातो, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.