युद्ध आणि आभाळ (लेखांक ५) : यमुनेचे पाणी

पानिपतच्या पराभवात हवामानाचा हात होता असे म्हटले की बहुतेकांना १४ जानेवारी १७६१ च्या दुपारचा सूर्य आठवतो. मराठी फौजेची तोंडे दक्षिणेकडे होती, सूर्यही तिकडेच कललेला होता, आणि उपाशी माणसांच्या डोळ्यांवर तिरीप आली, ही हकिकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. भूगोल तिच्या बाजूने आहे. त्या भागात जानेवारीत भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम चाळीस अंश वर चढतो. तरीही निकालाचा भार त्या तिरिपीवर टाकणे मला पटत नाही. हवामानाचा घाव आधीच्या पावसाळ्यातच बसला होता, आणि तो यमुनेच्या पाण्यातून आला होता.

दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि पावसाच्या तोंडावर माघारी फिरायचे, हा मराठी मोहिमांचा शिरस्ता नद्यांच्या पाण्यावरच बसवलेला होता. १७६० मध्ये तो मोडला. १० जानेवारीला यमुना हिवाळ्यामुळे ओसरलेली असताना अहमदशाह अब्दालीच्या फौजेला बुराडी घाटावर उतार सापडला आणि दत्ताजी शिंदे पडले. उदगीरची लढाई आटोपून सदाशिवरावभाऊ परतूरहून निघाले तेव्हा मार्च अर्धा सरला होता. हजार किलोमीटरहून लांब वाट, सोबत अवजड तोफखाना आणि बुणग्यांचा पसारा. जूनमध्ये चंबळ मागे टाकली तोच पाऊस लागला, गंभीर नदीच्या पुराने फौज अडकून पडली आणि पुढे यमुना दुथडी भरून वाहू लागली. इटाव्याकडे नावांचा पूल बांधून गंगा-यमुनेमधल्या अंतर्वेदीत उतरावे, अब्दालीला तिथेच गाठावे आणि त्याची रसद तोडावी, असा भाऊंचा बेत होता. नावा जमवण्याविषयी गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रे गेली, पण त्या पुरात पूल होणे शक्य नव्हते. भाऊंना दिल्लीकडे वळावे लागले.

यावर आक्षेप येईल की पानिपत राजकारणात हरले: अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला, सूरजमल जाट दूर झाला, राजपूत तटस्थ राहिले. हे सगळे खरे आहे. पण शुजा अब्दालीच्या गोटात गेला तो जुलैत, म्हणजे यमुनेने मराठ्यांना अलीकडे रोखून धरले होते तेव्हा. भाऊंची फौज त्याच्या मुलखाच्या वेशीवर उभी असती, तर अब्दालीच्या बाजूच्या नजीबखान रोहिल्याने केलेली त्याची मनधरणी इतकी सहज फळली असती का? हा तर्क आहे, पण राजकारण आणि पाऊस वेगळे काढता येत नाहीत एवढे तरी त्यातून दिसते.

पुढचा आक्षेप अधिक वजनदार आहे: आभाळ दोघांनाही सारखेच होते. पुराने अब्दालीलाही अडवले. ऑगस्टमध्ये दिल्ली आणि १७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडला तेव्हा तो पलीकडच्या तीरावरून हतबलपणे पाहत राहिला. मात्र थांबण्याची किंमत दोघांना सारखी नव्हती. त्याच्यामागे रोहिल्यांचा धान्याने भरलेला मुलूख होता. भाऊंच्या मागे रिकामा खजिना आणि फार दूर राहिलेले दख्खन. शिवाय पाणी ओसरू लागताच त्याने धोका पत्करला. २५ ऑक्टोबरच्या सुमारास बागपतला त्याने फौज पाण्यात घातली. काही माणसे वाहून गेली, पण सैन्य पार झाले. यमुना अजून उतरू देणार नाही या भरवशावर मराठ्यांनी तिथे पुरेसा पहारा ठेवला नव्हता. बुराडीला नऊच महिने झाले होते, म्हणून हा गाफीलपणा मला फार लागतो. त्याचा दोष मी पावसाला देणार नाही.

कुंजपुऱ्यासाठी उत्तरेत गेलेली मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मधे अब्दाली आता आला. नोव्हेंबरपासून पानिपतजवळ दोन्ही सैन्ये समोरासमोर बसली. दक्षिणेची वाट बंद, डिसेंबरात गोविंदपंत मारले गेल्यावर अंतर्वेदीतून रसद तोडण्याची आशाही संपली, आणि उत्तरेच्या थंडीत पुरेसे कपडे नसलेल्या लाखभर माणसांना अन्न मिळेना. १४ जानेवारीच्या सकाळी ती फौज उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत बाहेर पडली, तेव्हा सूर्य अजून डोळ्यांवर यायचा होता.