नवी विंडोज टाकली, तरी कॉम्प्युटर हळू का?



कर्जत आणि खालापूर तालुक्यातल्या गटांच्या, ग्रामसंघांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा अलीकडे एक तक्रार ठरलेली असते. "ताई, दुकानात नेऊन कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकून घेतली. आता तर तो आधीपेक्षाही हळू झाला. चालू केला की चहा होऊन जातो, तरी काम सुरू होत नाही." पाठोपाठ कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, नवाच घेऊ." नवा कॉम्प्युटर येणार तो गटाच्या पैशातून, म्हणजे महिन्याला शंभर-शंभर रुपये करून साठवलेल्या बचतीतून. म्हणून नवा घेण्याआधी काय तपासायचं, ते आज सांगणार आहोत.

आधी हे बघू, की विंडोज बदलायची गरज का पडली. विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कोणती फाइल कुठे, हे सगळं ती बघते. आपल्याकडच्या बऱ्याच कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. ती २०१५ साली आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीने तिची नेहमीची देखभाल थांबवली. तिच्यावर कॉम्प्युटर चालतो, बंद पडत नाही. पण तिच्यात नवी खिंडारं सापडली, तर ती आता आपोआप बुजवली जात नाहीत. ज्या कॉम्प्युटरवर गटाचे हिशेब, बायांच्या आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या प्रती आहेत, त्याला हे परवडणारं नाही. म्हणून विंडोज ११ कडे जाणं बरोबरच आहे.

पण कारभारी नवा आला, तरी घर जुनंच राहतं. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं चांगलं बियाणं आणलं, तरी खाचर तेच आणि पाणीही तेच असतं ना? तसंच हे. उलट प्रत्येक नवी विंडोज आधीपेक्षा जास्त मागते. १९९५ सालच्या विंडोजला कमीत कमी ४ एमबी मेमरी लागायची. २००१ च्या एक्सपीला ६४ एमबी, २००९ च्या विंडोज ७ ला १ जीबी आणि २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जीबी. म्हणजे १९९५ पेक्षा हजार पटींहून जास्त. आणि हा आकडा फक्त सुरू होण्यापुरता आहे, सुखाने काम करण्याचा नाही.

पहिले दोन-तीन दिवस थांबा

नवी विंडोज टाकल्यावर ती आतल्या आत बरीच कामं करत असते. सगळ्या फाइलींची यादी बनवते, म्हणजे शोधायला सोपं जावं. व्हायरस आहे का, ते तपासते. इंटरनेटवरून राहिलेले अपडेट उतरवून घेते. नव्या घरात सामान लावायला वेळ लागतो, तसंच हे. तेव्हा पहिल्या दिवशी हळू चालला म्हणून घाबरू नका. दोन-तीन दिवस रोज दोन तास चालू ठेवा आणि मध्ये एक-दोनदा 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' केलं की आजकालची विंडोज बहुतेक वेळा पूर्ण बंद होत नाही, थोडं काम जपून ठेवते. 'रीस्टार्ट'ने ती नव्याने सुरू होते.

इथे आपल्या भागातली अडचण लक्षात घ्या. वाडी-पाड्यावर आपण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर चालवतो. अपडेट काही जीबीचे असतात आणि आपल्या पॅकमध्ये दिवसाला दीड-दोन जीबी. अपडेटने नेट खाल्लं की वेबसाइट उघडत नाही आणि आपण म्हणतो, कॉम्प्युटर हळू झाला. सेटिंगमध्ये त्या नेटवर्कला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा, म्हणजे मोठे अपडेट वाट बघतील. मग कर्जत, खोपोलीत जिथे वायफाय मिळेल, तिथे ते पूर्ण करा. आणि पावसाळ्यात लाइट ये-जा करत असेल, तेव्हा अपडेट सुरू करू नका. मध्येच वीज गेली तर विंडोज बिघडू शकते.

मग स्वतः बघा

तीन दिवसांनीही तेच, तर कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन रकाने दिसतील आणि वर टक्के. कॉम्प्युटर अडतो, तेव्हा कोणता रकाना शंभरच्या जवळ आहे, ते वहीत लिहा. दिवसातून तीन-चार वेळा बघा. आजार कुठे आहे, ते यातूनच कळतं.

मेमरी भरलेली असेल तर काय होतं? पापडाच्या दिवसात ओटा मोठा असला की पीठ, मसाला, लाट्या सगळं हाताशी राहतं. ओटा लहान असला की दर वेळी फडताळातून काढा आणि परत ठेवा. रॅम हा ओटा आणि डिस्क हे फडताळ. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ आणि त्यात ब्राउझरची दहा पानं उघडी, की सगळा वेळ ठेवण्या-काढण्यातच जातो.

डिस्कचा रकाना शंभरला टेकत असेल, तर 'परफॉर्मन्स' या भागात जाऊन ती एचडीडी आहे की एसएसडी, ते बघा. एचडीडी म्हणजे जुनी हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि एक सुई जागा शोधत फिरते. विखुरलेल्या बारीक फाइली ती सेकंदाला शंभर-दीडशेच वाचू शकते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तेच काम ती हजारोंनी करते. जुना कॉम्प्युटर नव्या विंडोजवर रखडण्याचं सगळ्यात मोठं कारण बहुतेक वेळा ही हार्ड डिस्कच असते.

बिनपैशाचे उपाय आधी

टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप' भागात, कॉम्प्युटर चालू होताच आपोआप उघडणाऱ्या गोष्टी दिसतात. नको त्या 'डिसेबल' करा, पण अँटीव्हायरसला हात लावू नका. एकाऐवजी दोन अँटीव्हायरस असतील, तर एक काढा. विंडोजचा स्वतःचा असतोच.

'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये कुठे पिवळा त्रिकोण आहे का बघा. तसा असेल, तर त्या भागाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि तो भाग यांच्यातला दुभाषा, बसलेला नाही. तो कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या.

डिस्क गच्च भरली असेल तर जागा करा. पाचवा हिस्सा तरी मोकळा असावा. जुन्यावरच नवी विंडोज चढवली असेल, तर जुनीचा सगळा पसारा दहा दिवस तसाच पडून असतो आणि मग आपोआप निघतो.

आणि धूळ. भात झोडणीच्या दिवसात कोंडा कॉम्प्युटरच्या पंख्यात बसतो. आतला भाग तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या.

पैसे खर्चायचेच तर

डिस्क एचडीडी असेल, तर पहिला रुपया एसएसडीवर. मेमरी ४ जीबी असेल, तर दुसरा रुपया रॅम ८ जीबी करण्यावर. आपल्या मशीनला ती बसते का, ते आधी विचारा. दोन दुकानांतून लेखी भाव घ्या, ते बैठकीत वाचून दाखवा, ठराव करा आणि बिल फाइलला लावा. बहुतेक वेळा हा खर्च नव्या कॉम्प्युटरच्या काही हिश्श्यातच भागतो.

पण प्रत्येक कॉम्प्युटरला विंडोज ११ चालत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. २०१८ च्या आधीच्या बऱ्याच मशीन यात बसत नाहीत. "नियम चुकवून बसवून देतो," असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही. फुकटची चोरटी विंडोजही नको, तिच्यासोबत काय येईल ते सांगता येत नाही.

अशा मशीनसाठी लिनक्स आहे. लिनक्स मिंट किंवा आपल्या सी-डॅकने बनवलेली बॉस, दोन्ही फुकट मिळतात. पत्र, तक्ते, मराठी टायपिंग आणि इंटरनेटवरची कामं त्यावर होतात. टॅली मात्र त्यावर सरळ चालत नाही. बँक सखीचं अंगठ्याचं मशीन आणि प्रिंटर चालतो का, ते आधी तपासून घ्या.

विंडोज बदलण्याआधी मात्र गटाच्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि मगच मशीन दुकानात द्या. जुन्या फॉन्टमधली पत्रं असतील, तर तो फॉन्टही जपा. नाहीतर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना चार गोष्टी लिहून आणा: रॅम किती, डिस्क कोणती, कॉम्प्युटर कोणत्या सालचा आणि अडतो तेव्हा कोणता रकाना भरलेला असतो. या चार ओळी हातात असल्या, की दुकानदाराशी बोलताना आपल्याला काय हवं आहे ते आपणच सांगू शकू.