एक सीट, दोन खिडक्या

पंचवटी एक्स्प्रेसमध्ये एकच सीट उरली आहे. नाशिकरोडच्या खिडकीवर एकाने ती मागितली, त्याच क्षणी मनमाडला दुसऱ्याने. सीट एकालाच मिळते, दुसऱ्याच्या हाती वेटिंग. रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झालं, आणि एक सीट दोघांना जाणार नाही, एवढं आपण आता गृहीतच धरतो. डेटाबेसवाले याला ट्रान्झॅक्शन म्हणतात: व्यवहार झाला तर पुरता, नाहीतर मुळीच नाही.

प्रोग्रामच्या मेमरीत मात्र ही सोय नव्हती. एकाच यादीवर एकाच वेळी चालणारे अनेक थ्रेड तुटून पडतात आणि त्यांना आवरायला असतात लॉक. लॉकची खरी अडचण जोडकामात आहे. सीट रद्द करणारं फंक्शन बिनचूक, सीट देणारंही बिनचूक. पण 'पंचवटीची सोडून तपोवनची घे' हे एका दमात करायचं तर दोन्ही गाड्यांचे लॉक आधी धरून ठेवावे लागतात. त्यात कुणी उलट निघाला, तपोवनहून पंचवटीकडे, की दोघांकडे एकेक लॉक आणि दोघेही दुसऱ्याची वाट पाहत कायमचे अडकलेले.

मॉरिस हर्लिही आणि एलियट मॉस यांनी १९९३ मध्ये ट्रान्झॅक्शन मेमरीत आणण्याची कल्पना हार्डवेअरसाठी मांडली. नीर शाविट आणि डॅन तुइतू यांनी १९९५ मध्ये ती सॉफ्टवेअरमध्ये उतरवली. आज प्रचलित असलेली एक रीत अशी: थ्रेडचं लिखाण आधी त्याच्या खासगी वहीत राहतं. शेवटी तपासणी होते, की त्याने वाचलेलं मधल्या काळात कुणी बदललं का? नसेल, तर सगळे बदल एकदम लागू. असेल, तर वही टाकून पुन्हा पहिल्यापासून.

हे फुकट पडत नाही. हजार नोडच्या लिंक्ड लिस्टच्या टोकाला भर घालायला निघालेला थ्रेड वाटेतला प्रत्येक नोड वाचलेला म्हणून नोंदवतो. तेवढ्यात कुणी दुसऱ्या नोडमागे काही घुसवलं, की याची सगळी पायपीट वाया. दोघांच्या कामाचा काडीचा संबंध नसताना! हॅश टेबलात असे खटके कमी उडतात. इंटेलने २०१३ मध्ये हॅसवेल प्रोसेसरमध्ये अशा ट्रान्झॅक्शनना हार्डवेअरची मदत देऊ केली, आणि दोष सापडल्यावर पुढच्याच वर्षी ती बंद केली.

आणि छापलेलं तिकीट? सीट परत घेता येते, खिडकीबाहेर गेलेला कागद नाही. २००५ मध्ये हास्केल या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांनी इथे सरळ मनाई केली: ट्रान्झॅक्शनच्या आत छपाई किंवा नेटवर्कचं काम लिहिलं, तर कंपाइलर प्रोग्रामच नाकारतो. क्लोजर या भाषेत हे भान प्रोग्रामरने ठेवायचं. मला हास्केलचा कडकपणा बरा वाटतो.

जीएचसी हा हास्केलचा कंपाइलर मोफत मिळतो. वर्गात लॉकचा धडा झाला, की पंचवटी-तपोवनची अदलाबदल त्यात एकदा लिहून पाहा.