सराव-पाठाचे निरीक्षण : नोंद आणि निर्णय

अध्यापक-शिक्षणाच्या अभ्यासक्रमात सराव-पाठाइतका महत्त्वाचा, आणि त्याच्या मूल्यमापनाइतका कमी तपासला गेलेला, दुसरा भाग क्वचितच असेल. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी. एड. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला व शालेय आंतरवासितेसाठी किमान २० आठवड्यांची तरतूद केली. छात्राध्यापकाचा शाळेतील काळ अशा रीतीने वाढला. परंतु त्या काळात त्याच्या पाठीमागे वही घेऊन बसणाऱ्या निरीक्षकाने नेमके काय पाहावे, काय टिपावे व कशावरून गुण द्यावेत, हा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भाषाभ्यासकाच्या दृष्टीने करावयाचा आहे. बोलीचा अभ्यासक आधी ऐकलेले जसेच्या तसे लिहून घेतो आणि मग त्याविषयी मत बनवितो. पाठाच्या निरीक्षकानेही हाच क्रम पाळावयास हवा, एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

१. निरीक्षण-पत्रकाचे स्वरूप

आपल्या महाविद्यालयांतून वापरली जाणारी निरीक्षण-पत्रके तपशिलात भिन्न असली तरी त्यांचा सांगाडा बहुधा एकच असतो. प्रस्तावना, हेतुकथन, विषय-विवेचन, प्रश्न-कौशल्य, शैक्षणिक साधनांचा वापर, फलक-लेखन, संकलन, गृहपाठ, आणि अखेरीस भाषा व व्यक्तिमत्त्व, असे रकाने असून प्रत्येकापुढे श्रेणी मांडावयाची असते. या सांगाड्यामागे हर्बार्टच्या अनुयायांनी, विशेषतः त्सिलर व राइन यांनी, रूढ केलेल्या पाठाच्या औपचारिक पायऱ्या आहेत हे उघड आहे. पायऱ्यांचा उपयोग नाही असे नव्हे. नवशिक्या अध्यापकास त्यांचा आधारच वाटतो. अडचण निराळी आहे. पायरी घडली किंवा नाही हे निरीक्षकास सहज दिसते. त्या पायरीवर मुलांच्या मनात काय घडले हे सहज दिसत नाही. जे सहज दिसते त्यालाच गुण मिळावयाचे, हा मग ठरलेला परिणाम होय.

२. दोन पाठांची नोंद

हा परिणाम किती दूरवर जातो याची जाणीव प्रस्तुत लेखकास स्वतःच्याच एका चुकीवरून झाली. वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी, एकाच शाळेत, बाष्पीभवन या एकाच घटकावरील दोन सराव-पाठांचे निरीक्षण करावयाचे होते. सवयीप्रमाणे वर्गातील बोलणे डाव्या पानावर शब्दशः टिपले होते. उजव्या पानावर श्रेणी दिली होती. पहिल्या पाठातील नोंदीचा एक तुकडा असा :

अध्यापक : भांडे उघडे ठेवले तर पाण्याचे काय होईल?
विद्यार्थी : सर, उडून जाईन.
अध्यापक : जाईन नव्हे, जाईल. आणि उडून नाही, बाष्पीभवन. काय म्हणायचे?
वर्ग : बाष्पीभवन.
अध्यापक : शाबास.

दुसरा पाठ एका छात्राध्यापिकेचा होता. मुलांनी तेथेही पहिले उत्तर तेच दिले. पुढील संवाद असा :

अध्यापिका : पानी उडून गेलं म्हनजे कुठं गेलं?
विद्यार्थी : हवेत.
अध्यापिका : हवेत गेलं, मग दिसत काहून नाही?
(वर्ग शांत. अध्यापिका थांबते.)
विद्यार्थिनी : लहान लहान होऊन गेलं असन, मॅडम.
अध्यापिका : किती लहान?

पहिल्या पाठास ‘प्रश्न चांगले, भाषा शुद्ध, पाठ वेळेत पूर्ण’ असा शेरा देऊन वरची श्रेणी दिली गेली. दुसऱ्यास ‘उच्चार सदोष, वर्गात अकारण शांतता’ असा शेरा व त्याखालची श्रेणी मिळाली. काही आठवड्यांनी एका चर्चासत्रासाठी उदाहरणे शोधताना दोन्ही डावी पाने शेजारी ठेवून वाचली, तेव्हा उजव्या पानावरील निर्णय टिकेना. पहिल्या वर्गाने एक शब्द उच्चारला होता. दुसऱ्या वर्गातील एका मुलीने, आपल्या शब्दांत का होईना, पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांची कल्पना मांडली होती. परंतु गुण तोवर कार्यालयात पोहोचले होते आणि ते बदलण्याची सोय नव्हती.

३. नोंदीची साधने

वर्गातील बोलण्याची शिस्तबद्ध नोंद करण्याचे प्रयत्न नवे नाहीत. नेड फ्लँडर्स यांच्या आंतरक्रिया-विश्लेषण पद्धतीत बोलण्याचे १० वर्ग कल्पिले आहेत : ७ अध्यापकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि १ शांतता अथवा गोंधळ यांचा. निरीक्षक दर ३ सेकंदांनी एक अंक लिहितो. म्हणजे ३५ मिनिटांच्या तासिकेत सुमारे ७०० अंक होतात. त्यांवरून वर्गात कोणी किती बोलले याचे प्रमाण निघते. मात्र काय बोलले गेले हे त्यातून कळत नाही. वर दिलेल्या दोन पाठांतील ‘शाबास’ आणि ‘किती लहान?’ हे वेगवेगळ्या अंकांखाली येतील खरे, परंतु मुलीच्या उत्तराचे मोल अंकात उतरणार नाही.

भाषाभ्यासकास अधिक उपयोगी वाटते ती सिंक्लेअर व कूल्टहार्ड यांनी १९७५ साली मांडलेली रचना. वर्गातील संवादाचा नेहमीचा घटक तीन चालींचा असतो, असे त्यांनी दाखविले : अध्यापकाचा प्रारंभ, विद्यार्थ्याचा प्रतिसाद, आणि अध्यापकाचे प्रत्याभरण. पाठ-टाचणात पहिली चाल लिहिता येते. अपेक्षित उत्तर म्हणून दुसरीही लिहिता येते. तिसरी मात्र टाचणात लिहिता येत नाही; ती ऐकलेल्या उत्तरावरूनच सुचावी लागते. म्हणून छात्राध्यापकाची खरी पारख तिसऱ्या चालीत होते. तेथे तो उत्तर बदलून घेतो, नुसती मान डोलावतो, की त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढतो, हे पाहावे.

शांततेविषयीही असेच म्हणता येईल. मेरी बड रो यांनी १९७० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असे आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. हा अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढविला असता मुलांची उत्तरे अधिक लांब व अधिक विचारपूर्वक होतात. ‘अकारण शांतता’ हा शेरा लिहिण्यापूर्वी त्या शांततेनंतर काय आले ते पाहणे निरीक्षकाचे कर्तव्य ठरते.

४. उच्चार, बोली आणि गुण

‘भाषा शुद्ध’ या रकान्याचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ हा वैयक्तिक निष्काळजीपणा नव्हे. वऱ्हाडीत ‘ण’च्या जागी ‘न’ येणे हा त्या बोलीचा नियम आहे. त्याचप्रमाणे प्रमाण मराठीत ‘जाईन’ हे प्रथमपुरुषी रूप असले तरी वऱ्हाडीत ते तृतीयपुरुषीही असते; ‘असन’ हेही तसेच तृतीयपुरुषी रूप होय. मुलाने व्याकरण मोडले नव्हते; त्याने आपल्या घरचे व्याकरण पाळले होते. अध्यापकाने मात्र विज्ञानाच्या प्रश्नाचे उत्तर व्याकरणाच्या प्रश्नाचे म्हणून तपासले, आणि निरीक्षकाने त्याबद्दल त्यास गुण दिले.

यावर असा आक्षेप संभवतो, की प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे कामच आहे व शिक्षकाचे तीवर प्रभुत्व असलेच पाहिजे. आक्षेप रास्त आहे. पाठ्यपुस्तके, परीक्षा व पुढील शिक्षण प्रमाणभाषेत चालत असता खेड्यातील मुलास ती न देणे हा त्याच्यावर अन्यायच होईल. परंतु प्रमाणभाषा देणे आणि बोली तोडून टाकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्यात. पहिली, अर्थाला बाधा न आणणारी बोलीची वैशिष्ट्ये. यांची नोंद व्हावी, गुण कापू नयेत. दुसरी, विषयज्ञानास बाधा आणणारे उच्चार. ‘मन’ व ‘मण’ यांतील भेद शिकविताना तोच ऐकू आला नाही तर तो पाठाचा दोष ठरतो. तिसरी, प्रमाण-लेखनावरील प्रभुत्व. हे फलक-लेखनावरून आणि एकूण आंतरवासितेच्या काळातील लेखनावरून ठरवावे, एखाद्या पाठातील निसटत्या उच्चारावरून नव्हे.

५. दोन निरीक्षकांचे एकमत

गुण विश्वसनीय आहेत असे आपण म्हणतो तेव्हा दोन निरीक्षकांचे बहुतेक पाठांबाबत एकमत होते, एवढाच आधार पुष्कळदा असतो. हा आधार किती तकलादू आहे हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन निरीक्षकांनी तेच २० पाठ पाहिले. प्रत्येकाने १६ पाठ समाधानकारक व ४ असमाधानकारक ठरविले, आणि एकूण १४ पाठांबाबत त्यांचे मत जुळले. एकमत ७० टक्के दिसते. परंतु प्रत्येकाने पाठ न पाहता याच प्रमाणात शेरे वाटले असते, तरीही केवळ योगायोगाने ६८ टक्के पाठांबाबत मत जुळण्याची अपेक्षा धरता आली असती (०·८ × ०·८ + ०·२ × ०·२ = ०·६८). जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचविलेल्या कप्पा गुणकाने मोजल्यास हे एकमत जेमतेम ०·०६ भरते. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग व एक म्हणजे पूर्ण एकमत. जवळजवळ सर्वांनाच ‘समाधानकारक’ म्हणण्याच्या आपल्या सौजन्यशील प्रथेत हा धोका विशेष आहे. यास्तव प्रत्येक सत्रात काही पाठ तरी महाविद्यालयाचे निरीक्षक व शाळेतील मार्गदर्शक शिक्षक यांनी एकत्र पाहावेत, परस्परांशी न बोलता श्रेणी द्याव्यात आणि मग शब्दशः नोंदी समोर ठेवून मतभेदांची चर्चा करावी.

६. पाठोत्तर चर्चा

नोंदीचा सर्वांत मोठा उपयोग मात्र गुणांपुरता नाही. ‘प्रश्न अधिक चांगले हवेत’ या शेऱ्यावरून छात्राध्यापक काहीच शिकत नाही. तो फक्त खजील होतो. त्याऐवजी नोंदीतील चार ओळी त्याच्यापुढे ठेवून ‘येथे या मुलाला काय म्हणावयाचे होते?’ एवढेच विचारले असता तो स्वतःच आपला पाठ वाचू लागतो. सबंध तासिका शब्दशः टिपणे एकट्या निरीक्षकास शक्य नाही व आवश्यकही नाही. पाठाच्या आरंभी, मध्यास व शेवटी पाच-पाच मिनिटांचे बोलणे टिपले तरी चर्चेस पुरेसे साधन हाती येते. ध्वनिमुद्रण आज सोपे झाले आहे. परंतु ते शाळेच्या व पालकांच्या संमतीनेच व्हावे आणि मुलांची नावे त्यात उघड होऊ नयेत.

निष्कर्ष थोडक्यात असा. डावे पान पूर्ण झाल्यावाचून उजव्या पानास हात लावू नये. पाठ चालू असताना श्रेणी लिहू नये. तिसऱ्या चालीवर विशेष लक्ष ठेवावे. बोलीची नोंद दोषांच्या रकान्यात करू नये. आणि आपला निर्णय दुसऱ्या निरीक्षकाच्या निर्णयाशी अधूनमधून ताडून पाहावा. वर उल्लेखिलेल्या छात्राध्यापिकेस तिच्या पाठाविषयी जो शेरा मिळाला, तो वाचून पुढील वर्गात तिने ‘काहून’ म्हणणे सोडले असेल, आणि कदाचित त्याबरोबर थांबून वाट पाहणेही. चुकीच्या निरीक्षणाची ही किंमत गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणूनच ती देण्यापूर्वी नोंद पुन्हा एकदा वाचावी.