झुलपं कपाळावर, चर्चा गावभर!

'साधना कट' हे दोन शब्द उच्चारून बघा. साठी ओलांडलेल्या कुठल्याही मावशी-काकूंच्या चेहऱ्यावर हसू उमटतंच. कुणी म्हणेल, "मी केला होता बरं का!" कुणी म्हणेल, "मला फार करायचा होता, पण आमच्याकडे कुठलं चालायला!" या दोन वाक्यांच्या मधे एका पिढीची मोठी गोष्ट दडलेली आहे.

हल्ली शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, महिला मंडळात, लग्नाच्या संगीतातसुद्धा 'रेट्रो डे' असतो. ठिपक्यांची साडी, डोळ्यांना लांब काजळरेघ, डोक्यावर फुगा, केसात रिबीन आणि मोठा गॉगल... झालं रेट्रो! मुली दिसतात गोड, यात शंका नाही. पण त्यांच्या लेखी जुनं ते सगळं एकाच टोपलीतलं. साठच्या दशकातला फुगा, सत्तरीतले मोकळे सरळ केस, ऐंशीतले कुरळे केस यांची सरमिसळ होते. प्रत्येक फॅशनला तिचा काळ होता आणि तिच्यापायी घराघरात झालेली रणंही होती. आज त्यातल्या साठच्या दशकाबद्दल थोडं बोलू या.

१९६० साली आर. के. नय्यर यांचा 'लव्ह इन सिमला' आला. नायक जॉय मुखर्जी, नायिका साधना. साधनाचं कपाळ रुंद होतं आणि पडद्यावर ते जास्तच मोठं दिसे. ते झाकायचं कसं? नय्यर यांच्या डोळ्यासमोर हॉलिवूडची ऑड्री हेपबर्न होती. तिच्या १९५३ च्या 'रोमन हॉलिडे'मध्ये राजकन्या वकिलातीतून पळते, रोमच्या एका सलूनमध्ये शिरते आणि आपले लांब केस कापून घेते. कपाळावर येतात छोटी छोटी झुलपं. तशीच झुलपं साधनाच्या कपाळावर आली, आणि एका कपाळाची अडचण साऱ्या देशाची फॅशन झाली! पुढे साधनाच्या नायकांची नावं लोक विसरले असतील, पण 'साधना कट' नाही विसरले.

त्या सिनेमाची गोष्टही गमतीची आहे. चष्मा लावणारी, कुणाच्या नजरेत न भरणारी सोनिया. तिची सगळे थट्टा करतात. मग तिचा कायापालट होतो, केस बदलतात, चष्मा जातो आणि सगळे बघतच राहतात. या कायापालटात तिच्या मदतीला उभी राहते ती तिची आजी, म्हणजे आपल्या दुर्गा खोटे. पडद्यावर आजी नातीचं रूप खुलवत होती, आणि प्रेक्षागृहातून घरी परतलेल्या मुलींच्या आज्या मात्र कात्री लपवून ठेवत होत्या!

त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'परख'मध्ये हीच साधना खेड्यातली साधी मुलगी म्हणूनही दिसली. म्हणजे तिच्या अभिनयाला झुलपांची गरज नव्हती. पण लोकांना गरज होती. १९६५ च्या 'वक्त'मध्ये तिचे घट्ट चुडीदार आणि बिनबाह्यांचे कुर्ते गाजले. ते कपडे केले होते आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी, ज्यांना पुढे 'गांधी' चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं.

झुलपांच्या जोडीनं आला तो फुगा. इंग्रजीत त्याला 'बुफाँ' म्हणत. अमेरिकेत केनेडींच्या पत्नी जॅकी यांनी तो जगभर पोहोचवला. १९६२ च्या मार्चमध्ये त्या भारतातही येऊन गेल्या. शिकागोच्या मार्गारेट विन्ची हेल्ट या केशरचनाकार बाईंनी १९६० मध्ये 'बीहाइव्ह' म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उंच रचना तयार केली. आपल्याकडे शर्मिला टागोर, आशा पारेख, सायरा बानू, मुमताज यांच्या डोक्यावर हे मनोरे चढले. 'तीसरी मंझिल' किंवा 'अ‍ॅन इव्हिनिंग इन पॅरिस' आठवा. नायिका धावते, नाचते, पण डोक्यावरचा मनोरा जागचा हलत नाही!

हे कसं करत? केसांची एकेक बट उभी धरायची आणि फणी शेंड्याकडून मुळाकडे उलटी फिरवायची. केस गुंतून मुळाशी गादी तयार होते. वरून एक गुळगुळीत थर ओढून घ्यायचा, पिना ठोकायच्या, स्प्रे मारायचा. नट्यांच्या डोक्यात आतून भरणीही असे, खोटे केसही असत. आपल्या गावाकडे कुठला आलाय स्प्रे! माझी आई सांगते, गळलेले केस एका पिशवीत साठवलेले असत, त्यांचा गोळा करून आत घालायचा. नाहीतर जुनं गंगावन गुंडाळायचं. स्प्रेऐवजी साखरेचं पाणी! मग मुंग्या आल्या तरी "कुठून आल्या बाई" म्हणायला आपण मोकळ्या.

आईचं माहेर मिरजेचं. १९६४ साली ती सतरा वर्षांची होती. मैत्रिणीकडे साधनाचा फोटो असलेलं कॅलेंडर होतं. ते समोर ठेवून दोघींनी एकमेकींच्या कपाळावरचे केस कापले, शिवणकामाच्या कात्रीनं. घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. आजीनं कपाळाला हात लावला. मामांनी "उद्यापासून कॉलेज बंद" असं जाहीर केलं. "हिच्याशी आता लग्न कोण करणार?" हा तर ठरलेला प्रश्न. चार बोटं केस, पण घरात सुतक पडावं तशी शांतता.

त्या घरात आईची आजीही होती. पंचाहत्तरीची, लाल आलवण नेसणारी, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला. विशीत विधवा झाली आणि तेव्हाच तिचं केशवपन झालं होतं. सगळ्यांना वाटलं, आता ही सर्वांत जास्त बोलणार. तिनं आईला जवळ बोलावलं, झुलपं बोटांनी चाचपून बघितली आणि विचारलं, "कुणी कापले गं?" आई घाबरत म्हणाली, "आम्हीच." त्यावर म्हातारी मुलाकडे वळून म्हणाली, "तिचे तिनं कापलेत ना? मग झालं तर. माझे मला कुणी विचारून कापले नव्हते."

त्यानंतर घरात कुणी ब्र काढला नाही. कॉलेजही सुरू राहिलं. आई आजही हे सांगताना इथे येऊन थांबते.

मैत्रिणींनो, केस हा आपल्याकडे कधीच नुसता सौंदर्याचा विषय नव्हता. काही जातींमध्ये नवरा गेला की न्हावी बोलावून बाईचं मस्तक भादरत आणि ते आयुष्यभर पुन्हा पुन्हा होई. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिक बांधवांनी एकत्र येऊन 'हे पाप आम्ही करणार नाही' असा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, हे केवढं मोठं! पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये सुरू झालं, तिथे अशा कितीतरी मुलींना पुन्हा माणसासारखं जगता आलं. हा इतिहास माहीत असला की साधना कटसाठी रडणाऱ्या मुलींचं रडणं वेडगळ वाटत नाही. माझ्या डोक्यावर कुणाची सत्ता, हाच तो प्रश्न होता.

सिनेमानं मात्र या प्रश्नाचं उत्तर कधी सरळ दिलं नाही. त्यानं केसांची एक भाषाच करून टाकली. लांब वेणी, अंबाडा, मधोमध भांग म्हणजे सुशील. कापलेले, कुरळे केले तर खलनायिका नाहीतर क्लबात नाचणारी. १९७० च्या 'पूरब और पश्चिम'मध्ये लंडनमध्ये वाढलेली सायरा बानू सोनेरी केसांत वावरते, सिगारेट ओढते, आणि भारतात येऊन सुधारली की साडीत येते. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'तली झीनत अमान मोकळे सरळ केस, मोठा चष्मा आणि गळ्यात माळा अशी आली, तर तिची गोष्ट शोकांतिकेत संपली. मराठी पडद्यावर तमाशापटातला खोपा आणि त्यावरचा गजरा ठसक्यात मिरवला. 'सांगत्ये ऐका'तल्या जयश्री गडकर आठवा. आणि आई म्हटली की सुलोचनादीदींचा साधा अंबाडा. बाई पडद्यावर आली की तिचे केस बघूनच प्रेक्षक तिची परीक्षा करून मोकळा!

आणि पुरुष? देव आनंदचा फुगा गल्लोगल्ली पोरांनी काढला. शम्मी कपूरसारखे केस उडवले. पुढे अमिताभसारखे कानांवर केस आले. घरचे "हिप्पी झालाय नुसता" म्हणून ओरडले असतील, पण त्या फुग्यामुळे कुणाचं लग्न मोडलं किंवा कॉलेज बंद झालं असं मी तरी ऐकलेलं नाही.

२००७ च्या 'ओम शांती ओम'मध्ये दीपिका पदुकोणनं सत्तरीतली नटी उभी केली आणि तो उंच फुगा पुन्हा पार्लरमध्ये मागितला जाऊ लागला. त्याच वर्षी हॉलिवूडचा 'हेअरस्प्रे' नव्यानं आला. १९६२ च्या बाल्टिमोर शहरातली लठ्ठशी, डोक्यावर मोठा फुगा मिरवणारी मुलगी त्याची नायिका आहे. ती टीव्हीच्या नाचाच्या कार्यक्रमात शिरते आणि काळ्या मुलांनाही गोऱ्यांच्या बरोबरीनं नाचू द्या म्हणून भांडते. केसांच्या फुग्याखाली विचार करणारं डोकं असतं, हे तो सिनेमा हसतखेळत सांगून जातो. आपल्या बहुतेक रेट्रो सिनेमांना नुसता फुगा आठवतो, त्याच्या खालची मुलगी आठवत नाही.

साधनाचंही तसंच. थायरॉइडच्या आजारानं तिच्या डोळ्यांवर परिणाम झाला आणि हळूहळू ती पडद्यापासून दूर गेली. लोकांनी आपल्याला जुन्या रूपातच आठवावं असं तिला वाटे, म्हणून ती समारंभात दिसत नसे. २०१४ मध्ये एका मदतीच्या कार्यक्रमासाठी ती गुलाबी साडीत रणबीर कपूरबरोबर रॅम्पवर चालली, तेव्हा लोकांना कोण आनंद झाला! २५ डिसेंबर २०१५ ला ती गेली. एका झुलपाच्या ओझ्याखाली बाईनं आयुष्यभर तरुणच राहायचं, हीसुद्धा एक सक्तीच, नाही का?

आता रेट्रो डेला फुगा काढणार असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. फणी उलटी फिरवल्यानं केसावरचे बारीक खवले उचकटतात आणि केस तुटतो, म्हणून हा प्रकार रोज नको. ओल्या केसांवर तर अजिबात नको. सोडवताना आधी थोडं तेल किंवा कंडिशनर चोळा, मग रुंद दातांच्या फणीनं शेंड्यापासून सुरुवात करून वर वर जा. मुळाशी ओढाओढ करू नका. रोज फार ताणून वेणी किंवा अंबाडा घातला तर कपाळावरची केसांची रेघ मागे सरकते, हेही खरं. आणि झुलपं कापायची तर केस कोरडे असताना, हवी त्यापेक्षा थोडी लांबच कापा. वाळल्यावर केस आखडतात.

आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली काही वर्षं आम्ही विधवा मैत्रिणींना मुद्दाम बोलावतो. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर शासनानंही परिपत्रक काढलं, तेव्हा आम्हालाही बळ आलं. पण ठराव कागदावर होतो, मनावर व्हायला वेळ लागतो. यंदा एका बाईंना गजरा पुढे केला तर त्या म्हणाल्या, "हातात द्या, केसात नको." दिला हातात. माळायची सक्ती करणं हाही दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवणंच झालं असतं. कार्यक्रम संपायच्या वेळी बघितलं, तर त्या एका कोपऱ्यात उभ्या राहून भिंतीवरच्या आरशात बघत होत्या आणि गजरा अंबाड्यावर होता. कुणी काही बोललं नाही. तेच बरं.

तुमच्या घरातली लेक, सून, नणंद उद्या केस कापून आली, वाढवून आली, पांढरे तसेच ठेवून आली, तर पहिला प्रश्न "कुणाला विचारलंस?" हा नको. "छान दिसतंय" म्हणा. नसेल दिसत छान, तर गप्प बसा. केस काय, पुन्हा वाढतात!