पाचटातून हायड्रोजन : उष्णतेचा हिशेब

घाटकोपरच्या दक्षिणेला, चेंबूर-ट्रॉम्बे भागात, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना आहे. अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन तेथे नैसर्गिक वायू आणि वाफ यांच्या अभिक्रियेतून मिळवतात. हिला ‘स्टीम रिफॉर्मिंग’ म्हणतात. नैसर्गिक वायू हे खनिज इंधन. त्याच्याऐवजी शेतात जाळून टाकले जाणारे उसाचे पाचट वापरता येईल का?

पाचट किंवा लाकडाचा भुसा हवेशिवाय सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत झटकन तापवला आणि निघणारी बाष्पे लगेच थंड केली, की काळपट, आंबूस द्रव मिळतो. हेच जैव तेल. त्यात पाण्याबरोबर शेकडो कार्बनी संयुगे असतात. हिशेबासाठी आपण त्यांपैकी एकच घेऊ : व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल.

ॲसेटिक आम्ल + २ पाणी → २ कार्बन डायऑक्साइड + ४ हायड्रोजन

म्हणजे ६० ग्रॅम आम्लामागे ८ ग्रॅम हायड्रोजन. त्यातला निम्मा पाण्यातून आलेला!

अर्थात हे फुकट होत नाही. सर्व पदार्थ वायुरूप मानले, तर अभिक्रियेला सुमारे १३० किलोज्यूल उष्णता पुरवावी लागते. मात्र ३ रेणूंचे ६ होत असल्याने एंट्रॉपी केल्व्हिनमागे सुमारे ०.२९ किलोज्यूलने वाढते. १३० ला ०.२९ ने भागले की साधारण ४५० केल्व्हिन, म्हणजे १७५ अंश सेल्सिअस येतात. याच्या वर गिब्जची मुक्त ऊर्जा ऋण होते. मग २०० अंशांवर काम का भागू नये?

याचे कारण मिथेन. कमी तापमानाला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन एकत्र येऊन मिथेन व पाणी बनणे ऊष्मागतिकीला अधिक मानवते. ही अभिक्रिया ऊष्मादायी असल्याने तापमान वाढवले की ती मागे हटते. पण फारच वाढवले, तर कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ यांच्यापासून हायड्रोजन देणारी अभिक्रियाही उलटू लागते. त्यामुळे वातावरणाच्या दाबाला, भरपूर वाफ असताना, हायड्रोजन सर्वाधिक मिळतो तो ६०० ते ७०० अंशांच्या आसपास.

जास्त वाफेने समतोल हायड्रोजनच्या बाजूला सरकतो, उत्प्रेरकावर कार्बनही कमी साचतो. पण १८ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ४४ किलोज्यूल लागतात. दाब वाढवणे तर तोट्याचेच, कारण रेणूंची संख्या वाढते आहे.

आता जमाखर्च पाहू. ६० ग्रॅम आम्लाची वाफ जाळली तर सुमारे ८३८ किलोज्यूल मिळतात. त्यापासूनचा हायड्रोजन जाळला तर ९६८. फरक बरोबर १३०! पुरवलेली उष्णता हायड्रोजनमध्ये साठली. खरा तोटा होतो तो जादा वाफ आणि तप्त वायू यांतून निसटणाऱ्या उष्णतेचा. ती परत मिळवली नाही, तर भट्टीसाठीच इतके पाचट जाळावे लागेल की हाती फारसे काही उरणार नाही.

पाठ्यपुस्तकातील कोष्टके घेऊन हाच हिशेब विद्यार्थ्यांकडून इथेनॉलसाठी करून घ्यावा. तेथे एका रेणूमागे हायड्रोजनचे ६ रेणू मिळतात. उष्णता किती लागेल?